माझगावचे काका

मराठी माणूस ‘काका’ म्हणतो तेव्हा त्यात बरंच काही येतं. वडिलांच्या पाठचा भाऊ, हक्काचा माणूस, अडीनडीला धावून येणारा आणि वेळ पडली तर कान उपटणारा. परक्याला आपण फार तर ‘साहेब’ म्हणतो. त्यामुळे एखाद्या बॅरिस्टरला सगळं शहर काका म्हणू लागलं, तर त्यामागे काहीतरी कारण असणारच. हे बॅरिस्टर म्हणजे जोसेफ बॅप्टिस्टा. लोकांचे काका बॅप्टिस्टा.

नातवंडांना हे नाव सांगितलं की ती विचारतात, “कोण, क्रिकेटर?” त्यांचा काय दोष! होमरूल म्हटलं की शाळेच्या पुस्तकात दोनच नावं ठळक असतात, लोकमान्य टिळक आणि ॲनी बेझंट. पण एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्ष टिळक नव्हते. अध्यक्ष होते माझगावचे हे कॅथलिक बॅरिस्टर, आणि चिटणीस होते न. चिं. केळकर.

काकांचा जन्म १७ मार्च १८६४ चा, माझगावच्या माथारपाखाडीतला. डॉकयार्ड रोड स्टेशनवरून चालत जाण्याइतकी ही वाडी जवळ आहे. लाकडी जिने, उतरती छपरं आणि मधे क्रॉस. बाहेर ट्रकांची घरघर आणि आत एखादं कोकणातलं गाव वाटावं अशी शांतता. घराणं मूळचं भाईंदरजवळच्या उत्तनचं, म्हणजे ईस्ट इंडियन.

हे ‘ईस्ट इंडियन’ नाव ऐकून पुष्कळ जणांचा गोंधळ उडतो. ही मंडळी पूर्वेकडून आलेली नाहीत. ती मुंबई, साष्टी, वसईची अगदी मूळची. पोर्तुगीजांच्या अमलात ख्रिस्ती झालेले इथलेच कोळी, भंडारी, कुणबी आणि इतर. गोवा-मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे आहोत हे सरकारदरबारी कळावं, नोकऱ्यांत आपला विचार व्हावा, म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांनी हे नाव घेतलं. नाव कंपनी सरकारच्या वळणाचं, पण घरातली बोली मराठीच. त्यांच्या लग्नात आजही उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात. हा विधी बायबलमधला नाही, आपल्या मातीतला आहे.

माझ्या वर्गात माझगावची एक ईस्ट इंडियन मुलगी होती. मराठीत पहिली यायची. एकदा दुसऱ्या एका मुलीने तिला सहज म्हटलं, “तुम्ही लोक इतकं छान मराठी कसं बोलता गं?” ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरलेला मला दिसला. दुसऱ्या दिवशी मी इतिहासाचा धडा बाजूला ठेवला आणि वर्गाला १९०८ सालची गोष्ट सांगितली. तीच तुम्हालाही सांगते.

‘केसरी’तल्या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. लेख अर्थातच मराठी. सरकारी वकिलांनी मुंबई हायकोर्टात स्पेशल ज्युरीची मागणी केली. स्पेशल ज्युरी म्हणजे बहुतेक गोरे गृहस्थ. त्या मागणीला टिळकांच्या बाजूने विरोध करायला उभे राहिले बॅप्टिस्टा. त्यांचा एक मुद्दा असा की लेख मराठीत आहेत, तेव्हा मराठी न जाणणाऱ्यांपेक्षा ती जाणणारे ज्युरीत असण्याची शक्यता जिथे जास्त, तीच ज्युरी हवी. न्यायमूर्ती दावर यांनी ते मानलं नाही. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी बसले. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला आणि २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांची शिक्षा झाली. लालबाग-परळच्या गिरण्या बंद पडल्या. वर्षाला एक दिवस या हिशेबाने कामगारांनी सहा दिवस संप केला.

मराठी लेखाचा न्याय मराठी समजणाऱ्याने करावा, हे भर कोर्टात सांगणारा माणूस दर रविवारी देवळात नाही, तर चर्चमध्ये जाणाऱ्यांपैकी होता! मी एवढंच सांगितलं आणि थांबले. ती मुलगी माझ्याकडे नाही, त्या दुसऱ्या मुलीकडे बघत होती.

काकांचं पुढचं काम तर गिरणगावाच्या आणखी जवळचं. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत आयटकची स्थापना झाली. अध्यक्ष लाला लजपतराय होते, पण ती उभी करणाऱ्यांत काका होते. पुढच्या वर्षी झरियाच्या अधिवेशनाचे अध्यक्ष तेच. १९२४ मध्ये भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते जिनिव्हालाही गेले. आज यात विशेष वाटणार नाही. पण कामगार संघटनांना कायद्याचं संरक्षण मिळालं ते १९२६ च्या कायद्याने. त्याआधी संप घडवला म्हणून मालक पुढाऱ्यावर सरळ दावा लावू शकत. मद्रासच्या बकिंगहॅम मिलने वाडियांवर तसा लावलाही होता. अशा दिवसांत केंब्रिजला शिकलेल्या बॅरिस्टरने कामगारांच्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे पदरचं घालवायचीच तयारी.

१९२५-२६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. ‘मेयर’ हे नाव त्या पदाला १९३१ मध्ये मिळालं, म्हणजे आजच्या भाषेत ते महापौरच. १८ सप्टेंबर १९३० रोजी ते गेले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची कबर आहे.

मला काकांचं मोठेपण वाटतं ते या सगळ्या पदांत नाही. आपल्या श्रद्धेला त्यांनी लपवलं नाही आणि दाखवण्यासाठी मिरवलंही नाही. टिळकांचे होण्यासाठी त्यांना चर्च सोडावं लागलं नाही, आणि टिळकांनीही त्यांना ते सोडायला सांगितलं नाही. गणपती घरोघरीतून मंडपात आणणाऱ्या नेत्याला आपल्या लीगचा अध्यक्ष म्हणून एक ख्रिस्ती माणूस चालला, नव्हे हवा होता. शंभर वर्षांनंतर आपण कोण मराठी आणि कोण नाही याची मोजमापं काढत बसतो, तेव्हा हे दोघे माझ्या डोळ्यांपुढे येतात.

माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरच्या बागेला जोसेफ बॅप्टिस्टा यांचं नाव आहे. वरून गोदी दिसते, बोटी दिसतात. सुट्टीत मुलांना घेऊन जरूर जा, आणि फाटकावरची पाटी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. वाचताना आधी ‘काका’ म्हणायला सांगा. पाटीवर नसलं तरी.