शिक्का गेला, पुरावा कुठे गेला?

बंगळुरूला जयनगरमध्ये आमच्या घरी आईचे जुने पासपोर्ट जपून ठेवलेत. जर्मनीला माझ्या बहिणीकडे जाऊन आली की आई शिक्के बघून दिवस मोजते. परवा बहिणीनं फोनवर सांगितलं, ‘‘आई, आता इथे शिक्का मारत नाहीत.’’ आईनं मला विचारलं, ‘‘अरे, मग मी नव्वद दिवसांच्या आत परतले, हे सांगू कशावरून?’’ आजचा विषय हाच.

१८८३ साली आनंदीबाई जोशी कोलकात्याहून बोटीनं अमेरिकेला निघाल्या, तेव्हा आजच्यासारखी पासपोर्ट-व्हिसाची तपासणी नव्हती. ती पहिल्या महायुद्धात आली. युद्ध संपलं, तपासणी राहिली. भारतात येणाऱ्याकडे पासपोर्ट हवा, हा कायदा १९२० चा. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कायद्यानं घेतली. महिन्याभरात परदेशी पाहुण्यांसाठी ऑनलाइन आगमन-कार्ड सुरू झालं. आपल्या बंगळुरू विमानतळावरही नोंदणी केलेल्या भारतीयांसाठी जानेवारी २०२५ पासून ई-गेट आहेत.

युरोपातल्या २९ देशांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं नवी पद्धत आणली. थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या परदेशी प्रवाशाचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, येण्याजाण्याची तारीख संगणकात जाते. १८० दिवसांत ९० दिवस, हा हिशेब यंत्रच करतं. पुसट शिक्क्यांचे वाद आणि खोटे शिक्के त्यामुळे टळतात.

पण ब्रिटनमध्ये काय घडलं ते ऐका. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून हजारो लोक तिथे कामाला आले. त्यांच्या आगमनाची जुनी कार्डं सरकारी खात्यानं २०१० साली नष्ट केली. पुढे कायदे कडक झाले आणि त्याच लोकांकडे पुरावे मागितले गेले. आयुष्य तिथे काढलेल्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेर काढलं. २०१८ साली सरकारला माफी मागावी लागली. नोंद सरकारपाशी होती, गरज मात्र माणसाला होती.

शिक्का म्हणजे त्या नोंदीची आपल्या हातातली प्रत. आता ती प्रत आपणच ठेवायची. आईला मी सांगितलं, तिकिटं आणि बोर्डिंग पास टाकू नकोस. तिनं बिस्किटांचा रिकामा डबा धुऊन ठेवलाय.

तुम्हीही जपा. भेटू पुढच्या भागात.