व्यक्तिवाहने, दिव्यांगांसाठी उपयुक्त

एका माणसाला बसून किंवा उभ्याने, चालण्याच्या वेगापासून सायकलच्या वेगापर्यंत वाहून नेणारी छोटी, बहुधा बॅटरीवर चालणारी साधने. विजेवरची व्हीलचेअर, बसून चालवायची मोबिलिटी स्कूटर, सेगवेसारखे स्वतःचा तोल सांभाळणारे दुचाकी साधन, जिने चढणारी खुर्ची, व्हीलचेअरला पुढून जोडायचे मोटरचे चाक आणि उभ्याने चालवायची ई-स्कूटर ही त्यांतली मुख्य. काही साधने दिव्यांगांसाठीच घडवली गेली. काही सर्वसाधारण गिऱ्हाइकासाठी बाजारात आली आणि दिव्यांगांनी ती आपलीशी केली. एखादे साधन वैद्यकीय उपकरण मानायचे की वाहन, यावर त्याची किंमत, विमा, परवाना आणि ते कुठवर नेता येईल हे सगळे ठरते. त्यामुळे या साधनांच्या यंत्राइतकाच त्यांचा कायदेशीर इतिहासही पाहावा लागतो.

घडी होणारी, धातूच्या नळ्यांची व्हीलचेअर १९३३ साली हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या अमेरिकी अभियंत्यांनी बनवली. एव्हरेस्ट यांना स्वतःला खाणीतील अपघातात मणक्याची इजा झाली होती, आणि मोटारीत ठेवता येईल अशी खुर्ची त्यांना हवी होती. दुसऱ्या महायुद्धात हातापायांतली शक्ती गमावलेल्या सैनिकांसाठी कॅनडात जॉर्ज क्लाइन यांनी विजेवरची खुर्ची विकसित केली. १९६८ मध्ये मिशिगनमधील अ‍ॅलन थीम यांनी कुटुंबातल्या मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या व्यक्तीसाठी तीन चाकांची स्कूटर तयार केली. मोबिलिटी स्कूटरची सुरुवात येथून झाली. चार पावले टाकता येतात पण बाजारापर्यंत जाववत नाही, अशा माणसाचा विचार या साधनाने प्रथम केला. दिव्यांगांमध्ये अशांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्याकडे आजही कमी लक्ष जाते.

आयबॉट : अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी व्हीलचेअरवरील एका तरुणाला फुटपाथची कड चढताना झगडताना पाहिले आणि त्यातून या खुर्चीची कल्पना सुचली, असे ते सांगत आले आहेत. न्यू हॅम्पशर राज्यातील मँचेस्टर येथील त्यांच्या डेका या संस्थेत तिच्यावर १९९० च्या दशकात काम झाले. नर्तक फ्रेड अस्टेअर यांच्यावरून प्रकल्पाचे अंतर्गत नाव ‘फ्रेड’ ठेवलेले होते. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना सारख्या आकाराच्या चाकांची एकेक जोडी असते आणि ती जोडी मधल्या आसाभोवती संपूर्ण फिरू शकते. जिना चढताना बसणारा जिन्याकडे पाठ करतो, कठडा धरतो आणि किंचित मागे रेलतो. वजन मागे सरकल्याचे संवेदकांना कळताच जोडी फिरते, मागचे चाक वरच्या पायरीवर टेकते, मग दुसरे त्याच्यावरून पुढच्या पायरीवर जाते. उतरताना तोंड खालच्या दिशेला असते आणि पुढे झुकावे लागते. जिन्यावर हाताने जोर लावावा लागत नाही, पण कठडा धरण्याइतका हात आणि कंबरेच्या वरचा तोल हवा. ज्यांना तो नाही त्यांना सोबतीला माणूस लागतो.

जिना चढणे हे आयबॉटचे सर्वांत गाजलेले अंग असले, तरी वापरणाऱ्यांना दुसरी एक सोय तितकीच मोलाची वाटली. चाकांची जोडी उभी करून खुर्ची फक्त दोन चाकांवर तोलली जाते आणि बसलेल्या माणसाचे डोळे समोर उभ्या असलेल्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. बँकेच्या काउंटरवर, दुकानातल्या वरच्या फळीपाशी, चारजणांच्या घोळक्यात बोलताना या फूट-दीड फुटाच्या उंचीने माणसाची वागणूक बदलते, आणि समोरच्यांचीही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २००३ मध्ये आयबॉटला मान्यता दिली. जॉन्सन अँड जॉन्सनच्या उपकंपनीने ती विक्रीस आणली. किंमत २५ हजार डॉलरच्या पुढे होती. २००६ मध्ये मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने निर्णय दिला, की साध्या चारचाकी खुर्चीपुरता खर्च मिळेल; जिना चढणे आणि दोन चाकांवर उभे राहणे या गोष्टी वैद्यकीय गरजेत मोडत नाहीत. मेडिकेअरचा निकष घरातल्या घरात हिंडण्याच्या गरजेचा होता. घराबाहेर पडणे ही गरजच नव्हे असे धरून चालणारा हा निकष, माझ्या मते, या सबंध इतिहासातला सर्वांत अन्यायकारक दुवा आहे. खप बसला आणि २००९ मध्ये उत्पादन बंद पडले. ज्यांच्याकडे खुर्च्या होत्या त्यांना काही वर्षांनी दुरुस्तीही मिळेनाशी झाली. २०१४ मध्ये प्रशासनाने जिने चढणाऱ्या खुर्च्यांना सर्वाधिक जोखमीच्या तिसऱ्या वर्गातून दुसऱ्या वर्गात आणले, २०१६ मध्ये टोयोटा आणि डेका यांचे सहकार्य जाहीर झाले आणि २०१९ मध्ये मोबियस मोबिलिटी या कंपनीने आयबॉटची नवी आवृत्ती बाजारात आणली.

सेगवे : आयबॉटमधील तोल सांभाळण्याचे तंत्र वापरून केमन यांनीच हे साधन तयार केले आणि ३ डिसेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते जाहीर केले. दोन चाके शेजारी-शेजारी, मध्ये उभे राहायची पाटी आणि पुढे दांडा अशी त्याची रचना असते. तळहातावर काठी उभी तोलताना ती कलेल तिकडे हात सरकवावा लागतो, तसेच माणूस पुढे झुकला की चाके पुढे धावून त्याच्या पायाखाली येतात. कललेला कोन जायरोस्कोप मोजतात आणि संगणक सेकंदाला सुमारे शंभर वेळा दुरुस्ती करतो. वेग ताशी २० किमी., पहिल्या मॉडेलची किंमत सुमारे पाच हजार डॉलर.

सेगवे वैद्यकीय उपकरण म्हणून विकले गेले नाही. तशी मान्यता घेण्यात आली नव्हती. तरी कृत्रिम पाय लावलेले, सांधे झिजलेले, स्नायुक्षय किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस झालेले अनेक जण ते वापरू लागले. यांना उभे राहता येते, पण चालताना दर पावलाला वेदना किंवा थकवा येतो. सेगवेवर पाऊल उचलावेच लागत नाही. २००५ पासून अमेरिकेत ‘सेग्ज फॉर व्हेट्स’ या उपक्रमाने इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत जायबंदी झालेल्या सैनिकांना देणग्यांतून सेगवे दिले. मात्र ज्यांना उभेच राहता येत नाही, ज्यांचा तोल अचानक जातो किंवा ज्यांना फिट्स येतात, त्यांना ते धोक्याचे आहे. बॅटरी संपली किंवा चाक अडखळले तर चालवणारा तोंडावर पडू शकतो. सेगवेचे उत्पादन २०२० मध्ये थांबले. पण त्याच तत्त्वावर बसून चालवायच्या दुचाकी खुर्च्या युरोपात आणि न्यूझीलंडमध्ये तयार झाल्या. त्यांत धड पुढे-मागे झुकवून वेग सांभाळता येतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

कायदा : सेगवेवरून दुकानात, बागेत, संग्रहालयात जाऊ द्यायचे का, हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. डिस्नेलँडमध्ये सेगवे नेऊ न दिल्याबद्दल स्नायुक्षयग्रस्त महिलेने केलेल्या दाव्यात नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०१२ मध्ये तिच्या बाजूने निर्णय दिला. ज्यावाचून अडतेच तेवढी सोय पुरवली की जबाबदारी संपली, हे डिस्नेचे म्हणणे न्यायालयाने फेटाळले. इतरांसारखा अनुभव दिव्यांगांनाही मिळण्यासाठी वाजवी ते करावे लागते, असे ते म्हणाले. त्याच वर्षी फ्लोरिडाच्या प्रकरणात मात्र गर्दीतील सुरक्षिततेच्या कारणावरून डिस्नेची बंदी टिकली. तेथे कंपनीने उभ्याने चालवायचे चारचाकी पर्यायी साधन देऊ केले होते. १५ मार्च २०११ पासून लागू झालेल्या अमेरिकी नियमांनुसार व्हीलचेअर पादचारी जातील तेथे सर्वत्र जाऊ शकते. सेगवेसारख्या इतर साधनांनाही सर्वसाधारणपणे परवानगी द्यावीच लागते. नाकारायची तर त्या प्रकारच्या साधनाचा आकार, वजन, वेग, जागेची रचना आणि गर्दी पाहून खरी सुरक्षेची अडचण दाखवावी लागते. माणसाला आजाराचे स्वरूप विचारता येत नाही. ब्रिटनमध्ये दिव्यांगांच्या गाड्यांसाठी फुटपाथवर ताशी ४ मैल आणि रस्त्यावर ८ मैल अशी वेगमर्यादा आहे, पण सेगवे त्या वर्गात घेतलेले नाही. तेथे २०११ मध्ये फुटपाथवर सेगवे चालवणाऱ्याला १८३५ च्या महामार्ग कायद्याखाली दोषी ठरवले गेले.

या साधनांना दुसरी बाजूही आहे. भाड्याच्या ई-स्कूटर फुटपाथवर आडव्यातिडव्या टाकलेल्या असतात आणि धावताना त्यांचा आवाज येत नाही. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या अंध व्यक्तीला आणि व्हीलचेअरवरच्याला त्यांचा थेट त्रास होतो. पॅरिसने एप्रिल २०२३ मध्ये नागरिकांचे मतदान घेतले आणि त्यानंतर भाड्याच्या ई-स्कूटर बंद केल्या.

भारत : हाताने पॅडल मारायची तीनचाकी सायकल हे भारतात सर्वांत परिचित साधन. कानपूरची अलिम्को ही १९७२ मध्ये स्थापन झालेली सरकारी संस्था ती बनवते आणि केंद्राच्या अडिप योजनेतून ती वाटली जाते. अलीकडे बॅटरीवरच्या तीनचाकीही दिल्या जातात. महाराष्ट्रात पोलिओ झालेल्या पिढीने याहून वेगळा मार्ग काढला : गिअर नसलेल्या स्कूटरला मागे दोन जादा चाके बसवून घ्यायची आणि आरटीओत तशी नोंद करायची. या ‘साइड व्हील’च्या स्कूटरवर असंख्य माणसांनी नोकऱ्या केल्या, मुलांना शाळेत सोडले. कोणत्याही प्रयोगशाळेतून न आलेले हे साधन कोशात नोंदवण्याच्या योग्यतेचे आहे. या स्कूटरची अडचण प्रवास संपल्यावर सुरू होते. स्कूटर फाटकाशी राहते आणि पुढे कुबड्या किंवा कुणाचा तरी खांदा लागतो.

आयआयटी मद्रासमधील सुजाता श्रीनिवासन यांच्या गटाने आणि तेथून निघालेल्या निओमोशन या कंपनीने २०२१ मध्ये नेमकी हीच अडचण हाताळली. निओफ्लाय ही माणसाच्या मापाने बनवून मिळणारी व्हीलचेअर. निओबोल्ट हे तिला पुढून अडकवायचे मोटर, बॅटरी आणि हँडल असलेले चाक. ते जोडले की खुर्ची रस्त्यावर ताशी २५ किमी.पर्यंत धावते, एका चार्जिंगमध्ये सुमारे २५ किमी. जाते, कचेरीच्या दाराशी चाक सोडवून ठेवले की त्याच खुर्चीवरून आत जाता येते. मापाची गोष्ट किरकोळ नाही. सैल खुर्चीत पाठीचा कणा वाकतो, खांदे दुखावतात, बैठकीवर जखमा होतात. सरसकट एकाच मापाच्या खुर्च्या वाटण्याच्या पद्धतीने हे नुकसान वर्षानुवर्षे केले आहे.

मोटर न वापरताही बरेच साधता येते. एमआयटीतील एमॉस विंटर यांची दोन लांब दांड्यांची खुर्ची जयपूर फूटसाठी प्रसिद्ध असलेल्या संस्थेच्या साहाय्याने भारतात आजमावली गेली. दांडा वरच्या टोकाला धरला की जोर जास्त मिळून चढ आणि चिखल पार होतो, खाली धरला की सपाट रस्त्यावर वेग मिळतो. गिअर बदलण्याऐवजी हात सरकवायचा. साखळी आणि इतर हलते भाग सायकलचे असल्याने गावातला सायकलवालाही ती दुरुस्त करू शकतो.

साधन चालेल अशी वाट नसेल तर त्याचा उपयोग खुंटतो. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो, पण फलाट आणि डबा यांतली फट नि उंचीचा फरक खुर्चीच्या पुढच्या छोट्या चाकांना अडवतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यता बंधनकारक केली होती, नियमांत मात्र ती शिफारशींसारखी उरली होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संबंधित नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीची किमान मानके तयार करण्यास केंद्राला तीन महिने दिले.

दुरुस्तीचा प्रश्न जगभर सारखाच आहे. विजेची खुर्ची बंद पडली की माणूस घरात, बहुधा अंथरुणात अडकतो, आणि सुटे भाग व सॉफ्टवेअरची किल्ली अनेकदा उत्पादकाकडेच असते. अमेरिकेतील कोलोराडो राज्याने २०२२ मध्ये विजेच्या व्हीलचेअरपुरता दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला; त्यानुसार भाग, हत्यारे आणि माहितीपुस्तिका मालकाला किंवा त्याच्या पसंतीच्या कारागिराला द्याव्या लागतात. भारतात या साधनांपुरता असा वेगळा कायदा झालेला नाही.