केसपेपरची एक ओळ आणि पॅरिसचा ऑगस्ट

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीतला माणूस नाव, वय, गाव विचारतो आणि रजिस्टरला एक ओळ लिहितो. त्या ओळीची किंमत फ्रान्सला २००३ मध्ये कळली. फार महागात.

त्या ऑगस्टमध्ये तिथे उष्णतेची लाट आली. पॅरिसचा पारा चाळिशीला टेकला. आपल्या विदर्भातला माणूस म्हणेल, त्यात काय एवढं! पण तिथली घरं थंडीच्या हिशेबाने बांधलेली, रात्रीही गारवा नाही. त्यात ऑगस्ट म्हणजे सुट्ट्या. घरचे बाहेरगावी, म्हातारी माणसं एकटी.

रुग्णालयांचे अपघात विभाग वृद्ध रुग्णांनी भरू लागले. प्रत्येक डॉक्टरला आपल्या दारातली गर्दी दिसत होती, पण सगळ्या दारांची रोजची बेरीज कुणाकडेच नव्हती. शेवटी १० ऑगस्टला पॅट्रिक पेलू या अपघात विभागातल्या डॉक्टरने टीव्हीवरून ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे सरकार हललं. २० ऑगस्टपर्यंत नेहमीपेक्षा सुमारे १५ हजार माणसं जास्त दगावली. आरोग्य खात्याच्या महासंचालकांना पद सोडावं लागलं.

२००४ पासून फ्रान्सने ही बेरीज सुरू केली. सुरुवातीला फक्त २३ अपघात विभाग, आज सहाशेच्या वर. रुग्णाचं नाव वगळून वय, भाग आणि निदान रोज एका ठिकाणी जातं. हिवाळ्यात फ्लू आणि तान्ह्या बाळांचा छातीचा आजार, उन्हाळ्यात उष्माघात. साथ चढतेय की उतरतेय, हे मृत्यूचे दाखले जमण्याआधीच दिसतं.

योगायोग बघा, आपल्याकडेही एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ मध्येच सुरू झाला. बीड आणि सुरतच्या १९९४ च्या प्लेगने दिलेला धडा त्यामागे होताच. उपकेंद्रापासून जिल्ह्यापर्यंत तापाचे, जुलाबाचे रुग्ण मोजले जातात, २०२१ पासून ते ऑनलाइन भरले जातात. म्हणजे यंत्रणा आहे. पण आपल्यातले बरेच जण आधी खासगी दवाखान्यात जातात. तिथला ताप मोजला गेला नाही, तर बेरीज अर्धीच राहणार.

आणि मोजलेला आकडा गावाला कधी कळतो? पावसाळ्यात तालुक्यात या आठवड्यात तापाचे रुग्ण किती, मागच्या आठवड्यात किती, एवढं नगरपरिषदेच्या फलकावर लागलं तरी लोक पाणी उकळतील, टाक्या रिकाम्या करतील. मृत्यूचा आकडा आला की बातमी होते. रुग्णांचा आकडा वेळेत आला, तर ती बातमी टळते.

पुढच्या ग्रामसभेत, वॉर्डसभेत एवढा एक प्रश्न विचारा मंडळी.