डॅशबोर्डातली खोबण: गाडीतल्या 'टेप'चा छोटा इतिहास

देवनहळ्ळीच्या विमानतळावरून एखाद्या जुन्या टॅक्सीने बंगळूर शहराकडे निघालात, तर डॅशबोर्डाच्या मधोमध नजर टाका. १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच अशी एक खोबण दिसेल. कधी तिची उंची दुप्पट असते. हे माप आधी जर्मनीच्या मानक संस्थेने ठरवले आणि १९८४ मध्ये आयएसओ ७७३६ या क्रमांकाने ते आंतरराष्ट्रीय झाले. वरवर क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट या टिपणाचा विषय आहे, कारण बेताच्या पैशांत गाडीतला आवाज सुधारण्याची सोय याच मापामुळे सर्वांना झाली.

त्याआधी गाडीतला रेडिओ ही श्रीमंतांची चैन होती. १९३० मध्ये शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी 'मोटोरोला' नावाचा कार-रेडिओ विकायला काढला, तेव्हा त्याची किंमत शंभर डॉलरच्या वर होती. व्हॉल्व्हना उच्च दाबाची वीज लागे आणि बॅटरी तर थोड्याच व्होल्टची, म्हणून वीज वाढवणारे वेगळे यंत्र जोडावे लागे. १९५५ मध्ये क्रायस्लर गाड्यांसाठी फिल्को कंपनीने संपूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा रेडिओ दिला आणि ती अडचण सरली. १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली.

भारतात मात्र १९८० च्या दशकापर्यंत रेडिओ बाळगायलाही परवाना लागत असे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. त्याच सुमारास स्वस्त कॅसेटींचा पूर आला. गाडी घ्यायची साधी आणि टेप बाहेरून बसवून घ्यायचा, हा अनेक घरांचा रिवाज झाला. आपली भाषाच त्याची साक्ष देते: कॅसेट जाऊन किती वर्षे लोटली, तरी कित्येक घरांत अजून 'गाडीत टेप लाव' असेच म्हणतात. शब्द वस्तूपेक्षा जास्त टिकतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे.

बंगळूरला गाडीच्या सामानासाठी जे.सी. रोड, सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांसाठी एस.पी. रोड, पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. माप ठरलेले असल्याने कोणत्याही कंपनीचा टेप कोणत्याही गाडीत बसू लागला आणि या बाजारांना मोठे गिऱ्हाईक मिळाले. एकदम सगळे घ्यायची गरज उरली नाही. यंदा टेप, पुढच्या दिवाळीला स्पीकर.

आता खोक्यावर छापलेला आकडा पाहा: '५० वॉट, चार वाहिन्या'. हाही एक दस्तऐवजच, आणि कोणत्याही दस्तऐवजाला विचारतो तोच प्रश्न इथे विचारा: हे कोणी, कशासाठी लिहिले? इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. चार ओहमच्या स्पीकरवर, ब्रिज जोडणीतही, स्वच्छ आवाजाची शक्ती गणिताने २६ वॉटच्या आसपास थांबते. उरलेला आकडा क्षणिक किंवा फाटक्या आवाजाचा. शिवाय शक्ती दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. तेवढाच फायदा ३ डेसिबल अधिक संवेदनशील स्पीकर घेतल्यानेही होतो. म्हणून खिसा हलका असेल, तर आधी पुढच्या दारांतले स्पीकर बदला, मग दाराच्या पत्र्याला थरथर रोखणारे पट्टे चिकटवा. नवा अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी. दुकानदार बहुधा उलट क्रम सांगेल.

३ जुलै २००१ रोजी बंगळूरमध्ये रेडिओ सिटी हे देशातले पहिले खाजगी एफएम केंद्र सुरू झाले. २४ मे २००८ ला विमानतळ देवनहळ्ळीला आला आणि शहरापासूनचा तो तीसेक किलोमीटरचा प्रवास रोजचा झाला. वाहतुकीत अडकलेल्या चालकाला रेडिओची सोबत मिळाली.

आजच्या अनेक नव्या गाड्यांत मात्र ती खोबण नाही. पडदा डॅशबोर्डातच घडवलेला असतो. वातानुकूलन, मागचा कॅमेरा, सूचना सारे त्यातूनच चालते. तो काढून दुसरा बसवणे अवघड, महाग, आणि वॉरंटीचा प्रश्न उभा करणारे. कारखान्याने दिले तेच ऐकायचे, ही १९८४ पूर्वीची नाही तर नवीच अडचण आहे. दारांतले स्पीकर मात्र अजून बहुधा बदलता येतात, १६.५ सेंटिमीटरचे माप तिथे अजून टिकून आहे.