गहाण मुलूख आणि गैरहजर रयत

पैनगंगेच्या उत्तरेकडील वाशीमचा मुलूख ब्रिटिश अंमलाखाली असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो दीर्घकाळ परकीय प्रदेशच होता. हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चाची बाकी निजामाला फेडता येईना, तेव्हा २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनी सरकारकडे सोपविले गेले. वसूल इंग्रजांनी करावा, त्यातून फौज पोसावी आणि स्वामित्व मात्र निजामाचे राहावे, अशी ती व्यवस्था होती, आणि फौजेची एक छावणी नदीपलीकडे हिंगोलीलाच असल्याने आपला सारा कोठे खर्ची पडतो हे वाशीमच्या कुणब्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. कचेऱ्या होत्या, जमाबंदी होती; परंतु हिंदुस्थान सरकारचा कायदा येथे आपोआप लागू होत नसे, त्यासाठी स्वतंत्र जाहीरनामा काढावा लागे, आणि मुलकी कारभाराचे शेवटचे टोक हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हाती असे.

१९०२ साली लॉर्ड कर्झनने सालिना २५ लाख रुपयांवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला, आणि १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास, तर पुसद यवतमाळास जोडले गेले. निजाम मीर उस्मान अली यांनी पुढे वऱ्हाड परत मागितले आणि वादाची चौकशी आयोगामार्फत व्हावी असा आग्रह धरला, तेव्हा एके काळी इंग्लंडचे सरन्यायाधीशपद भूषविलेल्या व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी २७ मार्च १९२६ च्या पत्राने ब्रिटिश सार्वभौमत्व सर्वश्रेष्ठ असल्याचे सांगून ती मागणी फेटाळली. करारातील एक पक्षच त्या कराराचा न्यायाधीश झाला, हा या प्रकरणाचा मथितार्थ होय. मात्र दाद मागणाऱ्या निजामानेही वऱ्हाडच्या रयतेला कौल विचारला नव्हता.

२१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने, आता भारताविरुद्ध, आपली फिर्याद संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेली. पॅरिसच्या पॅले द शायो येथे १६ सप्टेंबरला परिषद बसली, तेव्हा भारतीय फौजा संस्थानात शिरून तीन दिवस झाले होते, आणि दुसऱ्याच दिवशी निजामाने हार पत्करली. हैदराबाद हे राज्य मानावयाचे की नाही, यावर तेथे खल झाला. रझाकार या निजामसमर्थक सशस्त्र दलाच्या जुलमाने सीमा ओलांडून वऱ्हाडात आलेल्या कुटुंबांना त्या सभागृहात पक्षकाराचे स्थान नव्हते, आणि कारवाईनंतर सुडाला बळी पडलेल्या मुसलमान रयतेलाही नव्हते.

त्याच वास्तूत १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला, त्या दिवसांत पंडित सुंदरलाल यांची समिती नेहरूंच्या सांगण्यावरून संस्थानात फिरत होती. तिने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा मांडला, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे नमूद केले. तो अहवाल सरकारी दप्तरात अनेक दशके अप्रकाशित राहिला. परक्यांची चौकशी नको म्हणण्याचा अधिकार राज्याला तेव्हाच शोभतो, जेव्हा स्वतः केलेली चौकशी ते आपल्या रयतेपुढे उघडी ठेवते.