वजनाच्या कांट्याची साक्ष

वेड्यांच्या इस्पितळांचा इतिहास सांगणारे बहुधा साखळदंडांपासून आरंभ करतात. आम्ही वजनाच्या कांट्यापासून करूं इच्छितों. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विलायतेंतील अशा इस्पितळांतून रोग्याचें वजन वाढूं लागलें म्हणजे मनही ताळ्यावर येऊं लागलें, असा समज रूढ होता. एडिंबरोच्या इस्पितळाचे प्रमुख थॉमस क्लाउस्टन यांनीं तर १८८३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतून पुष्टतेचा पुरस्कार एखाद्या धर्मोपदेशकाच्या आवेशानें केला. दूध व अंडीं यांस त्यांच्या पथ्यांत मोठा मान. रोगी खंगलेल्या स्थितींत दाखल होण्याचे ते दिवस होते; म्हणून या समजुतीस आम्ही हंसणार नाहीं. दुखणेकऱ्याच्या अंगावर मांस चढलें कीं आपल्याही घरीं आया-बायांच्या जिवांत जीव येतोच कीं!

त्याच सुमारास दुसरी एक नोंद झाली होती. ज्या कुळांत वेड आढळतें त्यांत मधुमेहही वारंवार दिसतो, असें हेन्री मॉड्स्ले यांनीं १८७९ सालींच लिहून ठेविलें. पुढें एमिल क्रेपेलिन यांनीं, ज्या रोगास आपण आज छिन्नमनस्कता म्हणतों त्याच्या वर्णनांत, आरंभीं रोगी पुष्कळ खाऊनही झिजतो व नंतर कित्येकदां अल्पावधींत विलक्षण फुगतो, हें नमूद केलें. परंतु १९२१ सालीं क्रेट्श्मर यांनीं या रोगाची सांगड सडपातळ बांध्याशीं घातली आणि पुष्कळांच्या मनांत तीच प्रतिमा ठसली.

इन्सुलिनाची कथा तर विचित्रच. १९३३ सालीं व्हिएन्नाचे मान्फ्रेड साकेल यांनीं जो उपचार पुढें आणला, त्यांत रक्तांतील साखर रोगी बेशुद्ध होईपर्यंत उतरवावयाची व मग साखर देऊन त्यास शुद्धीवर आणावयाचें. रोगी लठ्ठ होत. जुन्या समजुतीप्रमाणें त्यांत वावगें कोणास वाटावें? अखेर १९५७ सालीं लंडनच्या डॉक्टरांनीं, इन्सुलिनावांचून नुसत्या बार्बिट्युरेटनें बेशुद्ध केलेले रोगीही तितकेच सुधारतात, असें तुलना करून दाखविलें.

तोंवर क्लोरप्रोमाझिन आलें होतें. १९५२ सालीं पॅरिसच्या सेंट-ऍन इस्पितळांत डिले व डेनिकर यांनीं त्याचा प्रभाव दाखविला. त्यानें वजन वाढतें, क्वचित् रक्तांतील साखरही चढते, हें थोड्याच वर्षांत ध्यानांत आलें. पण ज्यांचा आरडाओरडा थांबला, जे घरीं परतले, त्यांच्या पोटाचा घेर कोण मोजणार! क्लोझापिन, आणि १९९६ पासून ओलान्झापिन, यांनीं तर मेदवृद्धींत मागील औषधांवर मात केली. तरीही वजन, कंबर, रक्तदाब, साखर व रक्तांतील चरबी नियमानें तपासा, असें अमेरिकेंतील मधुमेहतज्ज्ञांनीं व मानसरोगतज्ज्ञांनीं एकत्र येऊन सांगण्यास २००४ साल उजाडावें लागलें. बावन्न वर्षांचा हा विलंब केवळ अज्ञानाचा नव्हे. कांटा होता, आंकडाही होता. त्याचा अर्थ मात्र क्लाउस्टनच्या काळचाच राहिला होता, असें आमचें मत आहे.

सारा दोष औषधांच्या माथीं मारणेंही न्याय्य नव्हे. २००३ सालीं डब्लिनमध्यें, औषधाचा एकही डोस न घेतलेले २६ रोगी तपासले असतां त्यांतील कांहींची उपाशीपोटींची साखर आधींच बिघडलेली आढळली. मॉड्स्ले यांची शंका पुन्हां जागी झाली. उपायही निघाले. २००८ सालीं चीनमधील १२८ रोग्यांत, आहार-व्यायामाच्या जोडीस मेटफॉर्मिन दिल्यास वाढलेलें वजन सर्वांत अधिक उतरतें, असें दिसून आलें.

या रोगानें पीडित माणसें इतरांहून सुमारें १५ वर्षें आधीं मरतात व त्यांत हृदयरोगाचा वांटा मोठा असतो. हें वाचून कोणी नातलग गोळ्या बंद करूं म्हणेल, तर त्यानें फिनलंडची पाहणी अवश्य पाहावी. तेथें ११ वर्षांच्या नोंदी तपासून २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सर्वांत कमी मृत्युप्रमाण आढळलें तें क्लोझापिन घेणाऱ्यांत, म्हणजे मेद वाढविण्यांत अग्रेसर असलेल्या औषधावर राहिलेल्यांत!