डायलिसिसचे रुग्ण आणि पोटातील रक्तस्राव : पहिला महिना धोक्याचा

परभणी - मूत्रपिंडे निकामी झालेल्या व डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या घरी वजन, रक्तदाब, पिण्याच्या पाण्याचे माप आणि हिमोग्लोबिनचा आकडा यांच्या नोंदी सहसा चोख ठेवल्या जातात. शौचाच्या रंगाची चौकशी मात्र कोणी करीत नाही. रुग्णही संकोचापोटी ती गोष्ट बोलून दाखवीत नाही. डांबरासारखा काळा, चिकट आणि उग्र दुर्गंधीचा मल हे जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात रक्तस्राव होत असल्याचे ठळक लक्षण होय. निरोगी माणसासही त्याने रुग्णालय गाठावेच लागते. डायलिसिसवरील रुग्णाच्या बाबतीत तर तो थेट जीवन-मरणाचा प्रश्न ठरतो.

हा धोका किती मोठा आहे याची कल्पना अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासावरून येते. १९९७ ते २००८ या काळातील ९ लाख ४८ हजारांहून अधिक डायलिसिस रुग्णांच्या नोंदी त्यासाठी तपासण्यात आल्या आणि निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. पचनमार्गाच्या वरच्या भागातील तीव्र रक्तस्रावानंतर ३० दिवसांच्या आत मृत्यू ओढवण्याचे प्रमाण त्यात ११.८ टक्के आढळले, म्हणजे दर आठ-नऊ प्रसंगांमागे एक मृत्यू. यकृताच्या विकारामुळे फुगलेल्या रक्तवाहिन्यांतून होणारा रक्तस्राव या हिशेबात धरलेला नव्हता. त्या दहा-बारा वर्षांत मृत्यूचे प्रमाण हळूहळू कमी होत गेले, ही दिलासा देणारी बाब होती. रक्तस्रावाच्या प्रसंगांची प्रत्यक्ष संख्या मात्र घटली नाही. हे आकडे मराठवाड्यास जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आपल्याकडील रुग्ण, त्यांचा आहार, आठवड्यातील डायलिसिसच्या फेऱ्या आणि रुग्णालयापर्यंतचे अंतर या सर्वच गोष्टी वेगळ्या आहेत. त्यातील बहुतेक गोष्टी रुग्णाच्या बाजूच्या नाहीत, एवढे म्हणता येईल.

रक्त थांबत का नाही?

रक्तवाहिनीला इजा झाली की प्रथम धावून येतात त्या प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म पेशी. मूत्रपिंड निकामी झाल्यावर या पेशींची संख्या बहुधा पुरेशी असते, पण रक्तात साचलेल्या विषारी द्रव्यांमुळे त्या एकमेकींना आणि रक्तवाहिनीच्या भिंतीला नीट चिकटत नाहीत. म्हणूनच रक्ततपासणीचा कागद ‘प्लेटलेट उत्तम’ असे सांगत असतानाही रुग्णाचे रक्त वाहत राहू शकते. त्यात रक्तक्षयाची भर पडते. तांबड्या पेशी भरपूर असल्या की त्या प्रवाहाच्या मध्यभागातून वाहतात व प्लेटलेटना वाहिनीच्या कडेकडे ढकलतात. तांबड्या पेशी कमी झाल्या की हा रेटाही कमी होतो. रक्तक्षय सुधारल्यावर रक्त गोठण्याची क्रिया काहीशी सुधारते, ती याच कारणाने.

यंत्रातील नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून प्रत्येक डायलिसिसच्या वेळी हेपारिन हे औषध दिले जाते. त्याचा परिणाम डायलिसिस संपल्यावरही काही काळ टिकतो. डायलिसिसवरील अनेकांना हृदयविकारही असतो, त्यामुळे अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी रोजची असते. सांधे, कंबर, पिंढऱ्या दुखतात म्हणून वेदनाशामक गोळ्या घेतल्या जातात. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना मिळणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या जठराच्या अस्तराचे संरक्षण काढून घेतात आणि तेथे व्रण पडतो. ज्या गोळ्यांनी मूत्रपिंडाच्या हानीस हातभार लावला असण्याची शक्यता असते, त्याच गोळ्या डायलिसिस सुरू झाल्यावरही घरात चालू राहतात, हे आपल्या भागातील दुर्दैव आहे. ‘आता मूत्रपिंड गेलेच आहे, गोळीने आणखी काय बिघडणार?’ असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात बिघडण्यासारखे बरेच काही उरलेले असते.

व्रणाखेरीज आणखी एक कारण या रुग्णांत वारंवार आढळते. जठराच्या वा आतड्याच्या अस्तराखालील बारीक रक्तवाहिन्या फुगून नाजूक होतात आणि त्यांतून थोडेथोडे रक्त झिरपते. त्याला अँजिओडिस्प्लेसिया म्हणतात. येथे पोट दुखत नाही, उलटी होत नाही. हिमोग्लोबिन मात्र काही केल्या वाढत नाही. लोहाची आणि एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने नियमित घेऊनही आकडा खाली जात असेल, तर शौचातील छुप्या रक्ताची तपासणी करण्याचा विचार डॉक्टरांशी बोलून करावयास हवा.

ओळखण्यातील घोळ

लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो, म्हणून अनेक घरांत खरी खूण गोळीच्या नावावर खपून जाते. लोहामुळे होणारा रंग काळसर किंवा हिरवट-काळा असतो. त्याला डांबराचा चिकटपणा किंवा रक्ताची उग्र दुर्गंधी नसते. शंका आल्यास घरी निष्कर्ष काढत बसू नये. कॉफीच्या गाळासारखी उलटी, उभे राहताच भोवळ, थंड घाम, छातीत धडधड यांपैकी काही जोडीला असेल तर विलंबास जागाच नाही.

डॉक्टरांपुढेही अडचणी असतात. एरवी पोटात रक्तस्राव झाला की रक्तातील युरिया वाढतो आणि त्यावरून अंदाज बांधता येतो. डायलिसिसच्या रुग्णाचा युरिया मुळातच वाढलेला असल्याने ही खूण निरुपयोगी ठरते. हिमोग्लोबिनही फसवते. डायलिसिसमध्ये शरीरातील जादा पाणी काढले गेल्याने रक्त घट्ट होते आणि आकडा वर गेल्यासारखा दिसतो. त्यामुळे डायलिसिसपूर्वीचा आकडा आणि नंतरचा आकडा यांची तुलना करण्यात अर्थ नसतो.

जिंतूरहून परभणी, परभणीहून पुढे

समजा, जिंतूर तालुक्यातील एखाद्या खेड्यातील रुग्णाचे डायलिसिस गुरुवारी झाले आणि शुक्रवारी रात्री त्यास काळा मल होऊ लागला. जवळच्या दवाखान्यात रक्तदाब उतरलेला दिसताच सलाइन लावले जाते, आणि ते योग्यही आहे. परंतु या रुग्णास लघवी होत नसते. बाटल्यांमागून बाटल्या चढल्या तर ते पाणी फुप्फुसांत उतरते व श्वास कोंडतो. सलाइन रोखून धरावे तर उतरलेल्या रक्तदाबामुळे हृदयावर ताण येतो आणि हातावरील फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, गोठून बंद पडण्याची भीती असते. फिस्टुला हीच या रुग्णाची जीवनवाहिनी असते. म्हणून त्या हातावर सुई टोचू नये की रक्तदाबाचा पट्टा बांधू नये, हे नातेवाइकांनीच आधी सांगितलेले बरे.

आतड्यात साचलेले रक्त पचते, तेव्हा त्यातील प्रथिनांमुळे युरिया आणि तांबड्या पेशींतून सुटणारे पोटॅशियम दोन्ही वाढतात. साठवणीतल्या रक्ताच्या पिशवीतही पोटॅशियम असतेच. पोटॅशियम प्रमाणाबाहेर गेले तर हृदय अचानक बंद पडू शकते. म्हणजे रक्तही हवे आणि डायलिसिसही हवे, आणि तेही हेपारिनविना. शक्य तेथे डायलिसिस चालू असतानाच रक्त चढवितात, म्हणजे जादा पाणी व पोटॅशियम त्याच वेळी काढून टाकता येते. हेपारिन वगळल्यास नळ्यांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून दर पंधरा ते तीस मिनिटांनी सलाइनने त्या धुवाव्या लागतात. हे काम यंत्र आपोआप करीत नाही, त्यासाठी अनुभवी तंत्रज्ञ शेजारी उभा असावा लागतो.

रक्तस्रावाची जागा शोधून तो थांबविण्याचा मुख्य उपाय म्हणजे दुर्बिणीद्वारे तपासणी, अर्थात एंडोस्कोपी. ती साधारणतः २४ तासांच्या आत व्हावी असा संकेत आहे. हाँगकाँगमध्ये झालेल्या व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा तासांच्या आत घाई केल्याने मृत्यू कमी होत नसल्याचे दिसले. आधी रक्तदाब सावरणे, मग दुर्बीण, असा त्याचा अर्थ आहे. आपल्याकडे हे २४ तास बहुधा प्रवासात आणि चौकशीत सरतात. डायलिसिस, एंडोस्कोपी, रक्तपेढी व अतिदक्षता विभाग या चारही सोयी एका छताखाली लागतात. त्या जेथे नसतील तेथून नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) गाठावे लागते. त्यामुळे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका निघण्यापूर्वीच पुढील रुग्णालयात या सोयी आहेत की नाहीत, हे दूरध्वनीवरून विचारून घेणे हिताचे. डायलिसिसची फाइल सोबत असावी. शेवटचे हेपारिन केव्हा दिले, कोरडे वजन किती, कावीळ ‘बी’ व ‘सी’ यांच्या तपासण्यांचा निकाल काय, हे तीन प्रश्न हमखास विचारले जातात.

खर्चाचा प्रश्न पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा मराठवाड्यातून केवळ नांदेडचा समावेश होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. संकटग्रस्त १४ जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तिचा लाभ देण्यात आला, त्यांत परभणी आहे. केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिसची सोय वाढू लागली. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. या सगळ्यामुळे डायलिसिस गावाजवळ आले. रक्तस्रावासारख्या गुंतागुंतीवरील तज्ज्ञ उपचार मात्र तितक्या वेगाने जवळ आलेले नाहीत.

घरी परतल्यावर

रक्त थांबले म्हणजे संकट टळले, असे होत नाही. पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका या रुग्णांत इतरांपेक्षा अधिक असतो. रक्तस्रावानंतरचे सर्वच मृत्यू रक्त गेल्याने होत नाहीत. हृदयविकाराचा झटका आणि जंतुसंसर्ग हीदेखील त्यामागची कारणे असतात. अॅस्पिरिन बंद केली तर हृदयाला धोका आणि चालू ठेवली तर जठराला. ती पुन्हा कधी सुरू करावयाची, हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ व मूत्रपिंडतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावयाचा असतो. गोळी परस्पर बंद करणारे आणि परस्पर सुरू करणारे, दोघेही सारखीच चूक करतात. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू सापडल्यास त्यांवरील औषधांचा क्रम पूर्ण करावा लागतो. आम्लपित्तासाठी बाजारात मिळणारी मॅग्नेशियम व अॅल्युमिनियमयुक्त पातळ औषधे या रुग्णांनी मनाने घेऊ नयेत, कारण ही द्रव्ये बाहेर टाकणारे मूत्रपिंडच काम करीत नसते.

मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत नाव असलेल्यांसाठी रक्ताची प्रत्येक पिशवी महाग पडते. परक्या रक्तामुळे शरीरात प्रतिद्रव्ये तयार होतात आणि जुळणारे मूत्रपिंड मिळणे अवघड होते. स्पेनमधील २०१३ सालच्या चाचणीनंतर हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावरच रक्त द्यावे, अशी काटकसरीची पद्धत रूढ झाली आहे. हृदयविकार असलेल्यांत ही मर्यादा थोडी वर धरतात. ‘आणखी दोन बाटल्या चढवा’ असा आग्रह नातेवाइकांकडून होतो, तेव्हा डॉक्टर का टाळाटाळ करतात याचे उत्तर यात आहे.

रक्तस्रावानंतर दुसऱ्या केंद्रात डायलिसिस होणार असेल, तर हेपारिन बंद ठेवण्याची सूचना फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून घ्यावी आणि सुई टोचण्यापूर्वी ती तंत्रज्ञास दाखवावी.